नकाराचा अदब

यजमानाने प्रेमाने पुढे केलेला हलाल घास नाकारणे ही कृतघ्नता आहे काय? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु डॉक्टर ज्याला ‘आयबीएस’ म्हणतात तो आतड्यांचा चिवट विकार ज्यांना जडला आहे, त्यांच्यापुढे तो प्रत्येक वलीम्यात आणि प्रत्येक इफ्तारीत उभा राहतो. पोटात कळ येते, पोट फुगते, कधी जुलाब तर कधी मलावरोध. आणि तपासणीत आतड्याला इजा झालेली मात्र दिसत नाही. साहजिकच रुग्ण ढोंगी ठरतो. रुग्ण घरची नवी सून असेल, तर ‘नखरे’ हा शब्द तयारच असतो.

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी या विकारासाठी एक आहारपद्धती सिद्ध केली. काही कर्बोदके लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत; ती पुढे मोठ्या आतड्यात आंबतात व वायू निर्माण करतात. त्यांना ‘फॉडमॅप’ म्हणतात. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, दूध, आंबा, कलिंगड यांत ती भरपूर असतात. आता आपल्या इफ्तारीचे ताट डोळ्यांसमोर आणा: चणे, कांदाभजी, कलिंगडाच्या फोडी, दुधाचे सरबत. आणि बिर्याणीतून कांदा वजा केला तर काय उरते, हे आपल्या आयाबहिणींनाच विचारावे!

आहारतज्ज्ञ 2 ते 6 आठवडे हे पदार्थ कमी करायला लावतात आणि मग एकेक पदार्थ परत देऊन कोणता किती सोसतो ते पाहतात. हा दुसरा टप्पा अनेक जण गाळतात व जन्मभर निम्मे अन्न वर्ज्य करून बसतात. वैद्यकाला हे मान्य नाही, आणि सूरह माइदाच्या 87 व्या आयतीत अल्लाहने हलाल केलेल्या चांगल्या वस्तू स्वतःवर हराम करून घेण्यास मनाई आहे. पथ्य हे औषध आहे, व्रत नव्हे. अर्थात शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर आहाराचे प्रयोग न करता प्रथम डॉक्टरांना गाठावे.

पथ्याला सुन्नतचा आधार आहे. उम्मे मुन्जिर (रजि.) यांच्या घरी खजुराचे घड टांगलेले होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांतून खाऊ लागले, हजरत अली (रजि.) यांनीही हात पुढे केला. ते नुकतेच आजारातून उठले होते, म्हणून प्रेषितांनी त्यांना थांबवले. मग यजमानीणबाईंनी जव आणि पालेभाजी शिजवली, तेव्हा हे तुम्हाला अधिक मानवेल, असे त्यांना सांगितले. (यावरून आयबीएसच्या रुग्णाने जवच खावे असे नव्हे, जवातही ते त्रासदायक घटक असतात.) एकाच बैठकीत एक जण खातो, दुसरा थांबतो, आणि कोणाचाही अपमान होत नाही.

तरीही आपल्याकडे आग्रह होतो, “एक घास तरी, आमच्यासाठी!” सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार आमंत्रण स्वीकारून जावे, तेथे खाणे अथवा न खाणे पाहुण्याच्या इच्छेवर आहे. यजमानाचा हक्क आपल्या उपस्थितीवर आहे, आपल्या आतड्यांवर नाही.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. संकोचापोटी रुग्ण म्हणतो, “आत्ताच जेवून आलो.” तो भुकेला असतो आणि खोटेही बोलतो. प्रेषितांनी (स.) दूध देऊ केले असता काही स्त्रियांनी इच्छा नसल्याचे सांगितले, तेव्हा भूक आणि असत्य एकत्र करू नका, असे त्यांनी फर्मावले. मात्र या असत्याचे अर्धे ओझे यजमानावर आहे, कारण खरे सांगितले तर थट्टा होईल हे पाहुण्याला ठाऊक असते.

म्हणून दावत देतानाच विचारावे, “तुम्हाला काय मानवते?” काम अवघड नाही. कांदा-लसणाचे वाटण पडण्यापूर्वी थोडे मटण वेगळे शिजवावे. लसणातील तो घटक पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून पाकळ्या अखंड ठेवून तेलात परताव्यात, काढून टाकाव्यात आणि त्याच तेलाची फोडणी द्यावी. सोबत साधा भात. हे ताट आतून गुपचूप आणू नये, सर्वांच्या ताटांबरोबर एकाच दस्तरख्वानवर मांडावे.