पदवीचा हिशेब आणि दुसरे शील



वर्षावास सुरू झाला की विहारात उपासक-उपासिकांची वर्दळ वाढते. त्याच दिवसांत घरोघरी कॉलेज-प्रवेशाची धांदल असते. गेल्या पौर्णिमेला आमच्या उमेळ्यात वंदना आटोपल्यावर नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एक माता माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, पोरीला बारावीला चांगले मार्क पडलेत. धाकटा दहावीत आहे. पदवीला खर्च किती येतो ते सांगा. दोघांचं काही जमणार नाही."

मी तिला कॉलेजच्या फीचा आकडा सांगितला. घरी आल्यावर लक्षात आले की, मी तिला पुरते उत्तर दिलेच नाही. ते आज आपणा सर्वांसमोर देतो.

पदवीचा खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. अनुदानित कॉलेजात कला शाखेची फी त्या मानाने कमी असते, विनाअनुदानित अभ्यासक्रमाची कितीतरी अधिक. म्हणून प्रवेशाच्या आधीच विचारा, हा वर्ग अनुदानित आहे की विनाअनुदानित? त्यावर परीक्षा शुल्क, पुस्तके, नायगावहून रेल्वेचा पास, डबा, मोबाइलचा रिचार्ज. हे सारे डोळ्यांना दिसते. न दिसणारा खर्च याहून मोठा आहे. समजा, तेच मूल वसई पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात कामाला लागले आणि महिना 10,000 रुपये घरी आणू लागले, तर तीन वर्षांच्या 36 महिन्यांत 3,60,000 रुपये झाले असते. मूल कॉलेजात गेले की ही रक्कम घरात येत नाही. तिची झळ कोणीतरी सोसतो, पण त्याचे नाव कोणत्याही पावतीवर नसते.

आता एका भीतीबद्दल बोलतो. दीक्षा घेतली म्हणजे शिष्यवृत्ती जाईल, असे अनेकांच्या मनात असते. ही भीती उगाच निर्माण झालेली नाही. 1956 नंतर आपल्या बांधवांच्या सवलती खरोखरच अडल्या होत्या. महाराष्ट्र राज्याने 1960 मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडले. आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याचा हक्क धर्मांतरामुळे जात नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना 1944 मध्ये सुरू झाली, ती आपल्या मुलांसाठीही आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते. जातीचा दाखला, तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते हे सारे निकालाची वाट न पाहता तयार ठेवा. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी करा.

येथवर शिक्षक म्हणून बोललो. आता उपासक म्हणून एक कबुली देतो.

माझे आई-वडील दुसऱ्यांच्या वाडीत मजुरी करीत. आई अंधारातच मोगरा खुडायला जाई. माझी थोरली बहीण दहावी पास झाली, माझ्यापेक्षा अधिक गुणांनी. पण घरात एकच शिकेल असे ठरले आणि कोणी काही न बोलता ताई एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागली. तीन वर्षे माझा पास तिच्या पगारातून निघाला. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, फी थकली आणि परीक्षेचे प्रवेशपत्र अडले. ताईने कानातली फुले सोनाराकडे गहाण टाकली. मी परीक्षेला बसलो.

काही महिन्यांनी शिष्यवृत्तीचे पैसे माझ्या खात्यात आले. त्या पैशांतून फुले सोडवायला हवी होती. मी मोबाइल घेतला. वर्गातल्या साऱ्यांकडे होता, माझ्याकडे नव्हता, एवढेच कारण. ताईने विचारले नाही, मी सांगितले नाही. व्याज वाढत गेले आणि फुले बुडाली.

मी दर रविवारी विहारात पंचशील म्हणत होतो. न दिलेले घेणार नाही, हे दुसरे शील तोंडपाठ होते. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे, असेच मी समजत होतो. बहिणीने परीक्षेसाठी दिलेले मी चैनीसाठी वापरले. ते मला दिलेलेच नव्हते, हे समजायला मला फार वर्षे लागली.

हे आज सांगण्याचे कारण आहे. 2021 पासून शिष्यवृत्तीतील केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यात कॉलेजच्या शुल्काचाही वाटा असतो. तो कॉलेजात भरावयाचा असतो. घरात हळदीचा कार्यक्रम असतो, डीजे सांगायचा असतो, आणि खात्यात पैसे दिसतात. उपासकांनो, त्या पैशाला हात लावताना दुसरे शील आठवा.

परमपूज्य बाबासाहेबांची पदवीही अशीच अनेकांच्या त्यागावर उभी आहे. सुभेदार रामजी पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. एल्फिन्स्टन कॉलेजात सयाजीराव महाराजांचे दरमहा 25 रुपये मिळाले. 1912 मध्ये ते बी. ए. झाले. 1913 मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांनी हात दिला. आणि या साऱ्या वर्षांची झळ माता रमाईंनी सोसली. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. बाबासाहेबांनी हे देणे कसे फेडले? 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडून. एकाच्या पदवीची हजारोंची पदवी केली. रामजींनी दागिना सोडवून परत दिला, हे मात्र मी वाचूनही शिकलो नव्हतो.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धर्म सांगितला. मुलांना जगण्याची विद्या शिकविणे हे त्यांनी आईबापांच्या कर्तव्यांत घातले आहे. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग आहेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख ऋणमुक्त असण्याचे आहे. हिशेब हा धम्माला परका नाही. नायगावहून गाडीत बसा. वसई रोडच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. तेच प्राचीन शूर्पारक. तिथला स्तूप 1882 मध्ये उत्खननात उजेडात आला. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तिथे सापडले आहेत. हिशेब जाणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बंदरातच आपल्या भागात धम्म रुजला.

म्हणून प्रत्येक घराने एक वही घालावी. डाव्या पानावर खर्च लिहा, उजव्या पानावर तो कोणी सोसला त्याचे नाव. आईने किती पाळ्या केल्या, बहिणीने काय सोडले, भावाने काय पुढे ढकलले, सारे लिहा. शिकणाऱ्या मुलाने ती वही दर पौर्णिमेला सर्वांसमोर वाचावी. नोकरी लागली की पहिले देणे त्या उजव्या पानाचे.

मी माझी वही उशिरा उघडली. ताईला फुले करून दिली, पण ती खरी फेड नव्हती. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली. आता नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून ती बी. ए. करीत आहे. फी मी भरतो. रविवारी ती अभ्यास करते आणि भाकऱ्या मी थापतो. त्या गोल होत नाहीत, पण ती तक्रार करीत नाही.

त्या मातेला आज सांगतो: ताई, दोघांचे जमेल. मुलीला आधी घाला, कारण तिची वेळ आधी आली आहे. दाखले घेऊन या, अर्ज मी बसून भरून देतो. तीन वर्षांनी धाकट्याची वेळ येईल, तेव्हा तीच त्याचा अर्ज भरील. मुलीने मुकाट्याने मागे राहावे आणि घराने त्याला त्याग म्हणावे, ही जुनी रीत आपण दीक्षेच्या दिवशीच सोडली आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!