पोहोचलेला पाठ आणि न पोहोचलेली चूक

ऑनलाइन शिक्षणाविषयी आपल्याकडे जो वाद अधूनमधून उफाळून येतो, त्यातील दोन्ही पक्ष परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून व्यासपीठावर बसत असले, तरी त्यांच्या हिशेबाची वही एकच असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. एक पक्ष म्हणतो, जाळे खेड्यापाड्यांत पोहोचले, आता शिक्षणही पोहोचेल. दुसरा म्हणतो, जाळे अद्याप पोहोचले नाही, म्हणूनच शिक्षण पोहोचत नाही. मोजावयाचे दोघांनाही एकच आहे : संच, मनोरे आणि जोडण्या. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावाकडे पाहिले, की पहिल्यास तेथे लाभार्थी दिसतो आणि दुसऱ्यास वंचित. तेथील तिसरीतले पोर वजाबाकी कशी करते, याची चौकशी करण्याचे कारण मात्र दोघांनाही पडत नाही.

या पोहोचवाद्यांपैकी जो विषमतेच्या नावाने बोलतो, त्याचे म्हणणे मी हलक्याने घेत नाही. त्याचा हेतू शुद्ध आहे, आणि त्याने मांडलेली वस्तुस्थिती खरी आहे. मार्च 2020 मध्ये शाळांना टाळे लागले, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे सरकारी घोषवाक्य सर्वत्र झळकले, आणि ज्या घरात फोन एकच होता, त्या घरातील फोन बापाबरोबर कामावर जाऊन रात्री परतू लागला. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या पट्ट्यातील गोदामांतून देशभरच्या गिऱ्हाइकांचा माल रवाना होत असता, त्याच तालुक्यातील मुलाने दिवसभर फोनाची वाट पाहावी, ही विसंगती कोणालाही बोचावी अशीच आहे. राज्याच्या ग्रामीण भागांत पाचवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा उघडले, आणि पहिली ते चौथीच्या पोरांना तर 1 डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. एवढे सर्व मान्य केल्यानंतरही प्रश्न उरतो तो हा की, फोन प्रत्येकाला मिळाला असता, तर काय झाले असते?

त्याचे निर्विवाद उत्तर कोणापाशी नाही; परंतु ‘असर’ या नावाने होणाऱ्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहण्यांनी आकड्यांची एक अडचणीची जोडी आपल्यासमोर ठेवली आहे. ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण 2018 साली सुमारे 36 टक्के होते, ते 2022 साली सुमारे 75 टक्क्यांवर गेले. आणि याच चार वर्षांत दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर आले. फोनामुळे वाचन खालावले, असे मी म्हणत नाही. ते शाळा बंद राहिल्यामुळे खालावले, आणि फोन नसते तर कदाचित अधिकच खालावले असते. तथापि, पोहोच दुप्पट झाली म्हणजे तूट निदान भरून निघू लागेल, ही जी अपेक्षा आपण गृहीत धरली होती, तिला या आकड्यांत आधार सापडत नाही. शिवाय, 2021 च्या जुलैत, पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास काढावा लागला, यातच ‘शिक्षण सुरू’ या दाव्याबद्दल शासनाला स्वतःलाच काय वाटत होते, ते पुरेसे स्पष्ट आहे.

पोहोचवादाचे मूळ वैगुण्य माझ्या मते असे की, तो पाठास माल समजतो. गोदामातून निघालेल्या मालाचा व्यवहार गिऱ्हाइकाची सही झाली की संपतो. शिकवण्याचा व्यवहार मात्र पाठ मुलापर्यंत गेल्यावर सुरू होतो, कारण त्यानंतर मूल काहीतरी चुकते, आणि ती चूक शिकवणाऱ्यापर्यंत परत यावी लागते. पाठ जाणे ही एक क्रिया. चूक परत येणे ही दुसरी. पहिलीसाठी मनोरे उभारता येतात, दुसरीसाठी कोणीतरी पाहणारा नेमावा लागतो, आणि सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही योजनेचा सारा खर्च पहिलीवर का होतो, याचे रहस्यही यातच आहे.

उदाहरण अगदी लहान घेऊ. बावन्नातून सत्तावीस वजा करावयाचे आहेत. मूल एकं स्थानी येते, दोहोंतून सात जात नाहीत असे त्याला दिसते, तेव्हा ते निमूटपणे सातातून दोन काढून पाच लिहिते, पुढे पाचातून दोन काढून तीन लिहिते, आणि पस्तीस असे उत्तर मांडते. हे मूल निष्काळजी नाही. त्याने ‘मोठ्यातून लहान काढावा’ हा नियम इमानाने पाळला आहे. पाटीपाशी उभ्या असलेल्या बाई विचारतात, “कसं केलंस, सांग बघू,” आणि ते सांगू लागताच हातच्याची जागा कोठे निसटली, हे त्यांना कळते. आता हीच वजाबाकी चार पर्यायांसह पडद्यावर आणा. या मुलाने पस्तीस निवडले, शेजारच्याने डोळे मिटून पस्तीसवर बोट ठेवले, आणि तिसऱ्याने तसेच डोळे मिटून पंचवीसवर ठेवले. पहिल्या दोघांना एकच लाल फुली मिळेल, आणि तिसरा शिकला अशी नोंद होईल. राज्याने 2020 च्या अखेरीस व्हॉट्सॲपवरून ‘स्वाध्याय’ नावाची चाचण्यांची योजना काढली, तिचा उद्देश स्तुत्य होता. पण पर्यायी प्रश्नांच्या या पद्धतीत परत येतो तो गुण. त्या गुणामागची चूक मुलाच्या घरीच राहते.

या विषयावर उपपत्तींचीही वाण नाही. ज्ञान हे जोडण्यांतच वसते, असे सांगणाऱ्यांशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही; ज्याला अक्षर येत नाही, त्याची जोडणी कशाशी करावयाची? ऑटो पीटर्स या जर्मन अभ्यासकाने 1960 च्या दशकातच दूरशिक्षण हे शिक्षणाचे औद्योगिक रूप आहे, असे प्रतिपादन केले होते, आणि त्याचे ते निदान आजही अचूक वाटते. मात्र औद्योगिक रूप म्हणजे परतीची वाट बंद, असे समजण्याचे कारण नाही. आयझॅक पिटमनने 1840 च्या सुमारास इंग्लंडात पेनी पोस्टाच्या आधाराने लघुलेखन शिकवले. शिष्य आपले लेखन टपालाने धाडीत, आणि ते तपासून परत येई. वेग टपालाचा, साधन कागदाचे. परंतु माझ्या कसोटीवर ते आजच्या कित्येक चकचकीत चित्रफितींहून पुढचे ठरते.

आपल्या उत्साही मंडळींना ‘शाळाच मुलाच्या दारी’ या कल्पनेचा पूर्वज शोधताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. 1945 साली बोर्डीस आरंभलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलेले त्यांचे बालशिक्षणाचे काम जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच, म्हणून तो वारसा सांगण्याचा मोह समजण्याजोगा आहे. गुरे राखणाऱ्या मुलांची कुरणशाळा खरोखरच मुलांच्या पाठोपाठ गेली. पण कुरणावर गेली होती ती शिकवणारी व्यक्ती, आणि तिच्या समोर मुले चुकत होती. पाठाची नुसती प्रत धाडणाऱ्यांनी हे नाव घेऊ नये.

येथे कोणी म्हणेल, आपल्या शाळांतही चूक कोठे परत येते? साठ मुले एका सुरात पाढे घोकतात, गुरुजी जनगणनेचे वा निवडणुकीचे तक्ते भरतात, आणि वह्या महिनोन्महिने तपासल्या जात नाहीत. आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या भेदाच्या विरुद्ध जात नाही. तशा वर्गाला मी शाळा म्हणावयास तयार नाही, मग छप्पर कितीही पक्के असो. उलट, यंत्राशी माझे वैर नाही. 1978 साली ब्राऊन आणि बर्टन या दोघा अमेरिकनांनी वजाबाकीतील नेमक्या अशाच चुका मुलाच्या उत्तरांवरून ओळखू पाहणारी संगणकीय रीत मांडली. त्या जातीचे साधन मराठीत नीट झाले, तर मी त्याचे स्वागतच करीन. शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ म्हणून गाजली, तेथे संच शिक्षकाच्या नजरेखाली वर्गातच होते. पाहावयास गेलेल्या अनेकांनी संचांची वाखाणणी केली आणि नजरेची नोंद घ्यावयाची राहून गेली.

मोठ्यांची गोष्टही निराळी नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या जगप्रसिद्ध ऑनलाइन अभ्यासक्रमांत 2017-18 साली नाव नोंदवलेल्यांपैकी ते पूर्ण करणारे जेमतेम 3.13 टक्के होते, असे ‘सायन्स’ या नियतकालिकात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळते. ज्यांच्यापाशी संच, जाळे आणि हौस हे सारे होते, त्यांची ही कथा. मग दिघाशीच्या पोराकडून आपण कोणत्या बळावर अधिक अपेक्षा करतो?

जिल्हा परिषदेच्या सभेपुढे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे टॅबलेट खरेदीचा, जोडणीचा वा नव्या ॲपचा प्रस्ताव यापुढे येईल, तेव्हा सभासदांनी दर, संख्या आणि हमीची मुदत यांच्याबरोबर एवढेच विचारावे : मुलाचे चुकलेले उत्तर कोण वाचणार, किती दिवसांत वाचणार, आणि त्या कामासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद केली आहे? ती तरतूद नसेल, तर प्रस्ताव शेरा मारून परत पाठवावा.