सिंहस्थास मित्रांबरोबर जावे काय?

गुरू सिंह राशीस आला म्हणजे नाशिक व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतील आमच्या लहान लहान मंडळ्यांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. सन २०१५ च्या सिंहस्थात तो उभा राहिला होता, व सन २०२६-२७ च्या सिंहस्थासंबंधानेही तो आमच्या कानी आला आहे. एका उपदेशक बंधूंनी तो आम्हांस लिहून कळविला तो असा. त्यांच्या गावातील पाच तरुण मिळून गाडी करून नाशिकास जाणार. पाचांपैकी चौघे हिंदू, पाचवा आपल्या मंडळीतला. चौघांपैकी एकाची वृद्ध आई बरोबर आहे. मरण्यापूर्वी एकदा गोदेत स्नान घडावे एवढीच तिची इच्छा. ह्याच बाईच्या चुलीजवळ बसून आपला हा तरुण लहानपणी भाकरी खात असे. मित्र म्हणतो, "तू चल, गर्दीत आईस धरावयास एक हात होईल." पंचांपुढे गोष्ट आली तेव्हा एक वडील म्हणाले की, तो गेल्यास त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. दुसरे म्हणाले, ह्यात काय आहे? बाजारास जावे तसा जाऊन येईल.

ह्या दोन्ही वडिलांनी उत्तर देण्याची फार घाई केली असे आम्हांस वाटते. जत्रा ही बाजार नव्हे, आणि शेजाऱ्याच्या आईचा हात धरणे ही मूर्तिपूजा नव्हे.

प्रथम ही यात्रा काय आहे ते नीट समजून घेऊ. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते व सुमारे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन पूर्वसमुद्रास मिळते. तिला गौतमी म्हणतात, त्याची कथा आमच्यापैकी पुष्कळांच्या आज्यांनी सांगितलेली आहे: गौतम ऋषीच्या हातून दर्भाच्या काडीने गाय मेली, ते गोहत्येचे पातक फिटावे म्हणून त्याने शंकराचे तप केले, व त्या पातकाच्या क्षालनासाठी गंगा ह्या डोंगरावर उतरली. दर बारा वर्षांनी वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडावर व शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करतात, आणि त्यांच्या मागे लक्षावधी सामान्य माणसे त्याच पाण्यात उतरतात. कथा खरी की खोटी हा वाद येथे घालावयाचा नाही. एवढे मात्र ध्यानात घ्यावे की, तिच्या मुळाशी पाप आहे. आपल्याकडून जे घडले ते धुतले जावे, ही तळमळ त्या म्हातारीस इतक्या दूर नेत आहे. पाणी पाप धूत नाही हे आम्ही जाणतो. पण आठवड्यामागून आठवडा उपासनेस येऊन, पापाविषयी काहीच वाटून न घेता घरी जाणारे आमच्यात किती आहेत, हेही आम्ही जाणतो. जिला आपल्या ओझ्याची जाणीव आहे तिला हसण्याचा अधिकार ज्यास ती जाणीव नाही त्यास नाही.

गोदेच्याच काठी जलालपुरास जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. ते मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घेऊ देत नसत. वाचताना हसू आवरत नाही. परंतु ते लेकीने बापाविषयी सांगितलेले आहे, आणि तिच्या हसण्यात तिरस्काराचा लवलेशही नाही. आमचे काही उत्साही बंधू जत्रेच्या वाटेवर उभे राहून नदीची थट्टा करणारे भाषण करतात, ते त्यांनी बंद करावे. त्यांच्यापेक्षा यात्रेकरूस पाणी पाजणारा पुष्कळ बरा. आणि थट्टाच करावयाची तर दूर जावयास नको: पवित्र देशाचा प्रवास करून आलेले आमचेच लोक यार्देनेचे पाणी बाटलीत भरून आणतात, कपाटात जपून ठेवतात, आणि नातवाच्या बाप्तिस्म्यास तेच वापरावे असा पाळकास आग्रह करतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस नवस बोलावयास जाणारे सारेच काही रोमन मंडळीचे नसतात.

आता शास्त्राकडे वळू. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा पाचवा अध्याय आमचे उपदेशक वारंवार सांगतात, पण बहुधा अर्ध्यावर थांबतात. अरामी सेनापती नामान ह्यास यार्देनेत सात वेळा बुडी मारावयास सांगितले तेव्हा तो रागावला. आपल्या दिमिष्काच्या अबाना व परपर ह्या नद्या काय वाईट, असे तो म्हणाला. शेवटी चाकरांनी समजाविल्यावर गेला व कुष्ठापासून शुद्ध झाला. येथे आमचा उपदेश संपतो. परंतु अध्याय पुढे चालू आहे. बरा झालेला नामान दोन खेचरांच्या ओझ्याइतकी त्या देशाची माती मागतो. म्हणजे देव मातीस बांधलेला आहे ही त्याची कल्पना अजून गेलेली नाही. मग तो आणखी एक गोष्ट बोलतो. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून जातो, त्याच्याबरोबर मला वाकावे लागेल, तेवढ्याची क्षमा व्हावी, असे तो विनवितो. अलीशा त्यास धमकावीत नाही, शाबासकीही देत नाही. शांतीने निरोप देतो.

ह्या गोष्टीचा आधार घेऊन कोणी म्हणेल, झाले तर मग, जावे आणि वाकावेही! पण नीट पाहा. नामान चाकर होता. राजाचा हात त्याच्या हातावर होता, तो सोडून देणे त्याच्या हाती नव्हते. आपला तरुण कोणाचा चाकर नाही. म्हणून नामानास मिळालेली मोकळीक जशीच्या तशी त्यास लागू होत नाही. मात्र एक गोष्ट त्यास पूर्णपणे लागू होते. नामानाने ती अडचण जाण्यापूर्वी, उघड, स्वतः होऊन सांगितली. दिमिष्कास जाऊन गुपचूप वाकून मग परत येऊन कबुली दिली असे केले नाही. ज्या मंडळीत असा प्रश्न उघड विचारणाऱ्यास प्रभुभोजन बंद होण्याची भीती घातली जाते, त्या मंडळीत पुढील तरुण विचारणारच नाही, न विचारता जाईल. हे त्या पहिल्या वडिलांनी ध्यानात घ्यावे.

पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना दोन ताटे निरनिराळी केली आहेत. विश्वास न ठेवणाऱ्या मित्राने घरी जेवावयास बोलाविले आणि जावेसे वाटले तर खुशाल जावे, पुढे आलेले खावे. पण मूर्तीच्या देवळातील पंगतीस बसणे हे निराळे. तेथे बसणारा त्या वेदीचा भागीदार होतो. अन्न दोन्हीकडे तेच असेल, कदाचित एकाच बाजारातून आलेले असेल. मग भेद कशात? येथे आमच्या तरुणांपैकी शाळा शिकलेला एकजण म्हणतो, "कर्माचा अर्थ मनात असतो. मी कुंडात उतरेन, पण संकल्प करणार नाही, मनात प्रभूचेच नाव घेईन. पाणी म्हणजे पाणी." हा युक्तिवाद हुशारीचा आहे, आणि त्याचा नीट विचार केला पाहिजे, कारण अर्धा भाग त्यात खरा आहे. पाणी खरोखर पाणीच आहे. रामकुंडात उतरल्याने कोणाच्या अंगास भूत लागत नाही, की बाप्तिस्मा पुसला जात नाही. तसे मानणारा ख्रिस्ती नदीस तिच्या भक्तांइतकेच सामर्थ्य देतो.

परंतु कर्माचा अर्थ केवळ मनात असतो हे खरे नाही. पाटलापुढे कागदावर आंगठा उठविणारा "माझ्या मनात कर्ज घ्यावयाचे नव्हते" असे मागून म्हणू लागला तर सावकार ऐकेल काय? लग्नात माळ घालणारी वधू मनात काही निराळेच योजीत असली तरी माळ ही माळच राहते. काही कर्मे शब्दांसारखी असतात. त्यांचा अर्थ सर्वांनी मिळून ठरविलेला असतो, आणि बोलणाऱ्याने तो एकट्याने बदलावा म्हणून बदलत नाही. उन्हाळ्यात गुरे धुताना गोदेत डुंबणे हा शब्द नव्हे. पर्वकाळी, त्या कुंडावर, त्या मुहूर्तास, मित्रांबरोबर घेतलेली बुडी हा शब्द आहे, आणि तो त्या म्हातारीस स्पष्ट ऐकू येतो: "हाही आपल्यासारखाच धुवावयास आला." आमच्या बाप्तिस्म्याचेही तसेच आहे. पाण्यात उतरताना आम्ही सर्व गावासमक्ष एक शब्द बोललो. तो मनातल्या मनात बोलता आला असता तर आमच्या वडिलांना एवढे सोसावे लागले नसते.

आमच्या वडिलांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ज्या वाड्यांतून आली त्या वाड्यांतील लोकांस देवळाच्या पायरीवर व गावच्या पाण्यावर उभे राहू देत नसत. सन १९३० च्या मार्च महिन्याच्या २ तारखेस नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला तो ह्याच कारणाने, आणि ते देऊळ रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून एक तरुण म्हणतो, "आजोबांना जेथे हाकलले तेथे मी मुद्दाम उतरणार." दुसरा म्हणतो, "ज्यांच्या आजोबांनी हाकलले त्यांच्या नातवांबरोबर मी का जावे?" पहिल्यास आमचे सांगणे की, तो हक्क तुझा आहे, अस्पृश्यता सन १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेने नाहीशी केली आहे, आणि तुला कोणी अडविले तर आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू. पण हक्क सिद्ध करण्यासाठी केलेली भक्ती ही ना धड हक्क, ना धड भक्ती. दुसऱ्याचे दुःख अधिक खोल आहे, त्यास आम्ही उपदेश करण्यास धजत नाही. एवढेच विचारतो की, ज्या बाईने आपल्या चुलीजवळ तुला बसविले तिने त्या जुन्या हिशेबातील काही फेडले नाही काय?

मग तरुणाने काय करावे? आमच्या मते त्याने जावे. पण निघण्यापूर्वी मित्रांस सांगून जावे. वाटभर बरोबर चालावे, एका चुलीवर शिजवावे, धर्मशाळेत शेजारी निजावे, आईस पाठीवर घ्यावे लागले तर घ्यावे. नाशिकास सन २००३ च्या ऑगस्टच्या २७ तारखेस चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू मेले. अशा गर्दीत म्हातारीस धरणारा एक धट्टाकट्टा हात ही लहान गोष्ट नव्हे. घाटाच्या पायरीपर्यंत जावे, तिचे कपडे सांभाळावे, आणि ती बाहेर येईल तेव्हा कोरडे लुगडे पुढे करावे. बुडी मारू नये, संकल्प सोडू नये, कपाळास काही लावून घेऊ नये. हे सर्व गावीच सांगितलेले असले म्हणजे घाटावर वाद होत नाही व मित्राचा सर्वांसमक्ष अपमान होत नाही. न सांगता जाणे हा देवाचा अपराध आहेच, पण मित्राचाही आहे. कारण मित्र समजतो एक आणि आपण असतो दुसरेच.

मित्र कदाचित म्हणेल, "अरे, सगळ्या नद्या एकाच समुद्रास मिळतात." हे वाक्य आम्ही सर्वांनी ऐकले आहे, व ते प्रेमाने बोललेले असते, म्हणून रागावू नये. परंतु त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत वैतरणाही उगम पावते. गोदावरी पूर्वेकडे वळली, वैतरणा पश्चिमेकडे. एक बंगालच्या उपसागरास जाते, दुसरी अरबी समुद्रास, आणि तिचे पाणी धरणांत अडवून मुंबईकर पितात. एकाच डोंगरावर पडलेले पावसाचे दोन थेंब शेजारी असूनही दोन दिशांनी जातात. शेजारी राहणे व एका दिशेने जाणे ह्या दोन गोष्टी आहेत, एवढेच मित्रास सांगावे. (तो म्हणेल की समुद्र तरी खाली एकच आहेत. म्हणू द्यावे. मैत्रीत शेवटचा शब्द आपलाच असावा असा नियम नाही.)

सर्वांनीच जावे असे मात्र आमचे म्हणणे नाही. ज्याचा बाप्तिस्मा कालपरवा झाला, ज्याचे घरचे लोक अद्याप "हा परत येईल" अशी वाट पाहत आहेत, त्याने ह्या खेपेस जाऊ नये. त्याचे घाटावर उभे राहणेसुद्धा घरी निराळ्या अर्थाने कळेल. केवळ साधूंच्या मिरवणुकी पाहण्याची हौस असलेल्यानेही जाऊ नये. दुसऱ्याचे दुःख व दुसऱ्याची भक्ती हा तमाशा नव्हे. आणि पंचांनी जाणाऱ्यास दंड न करता निघण्याच्या आदल्या सायंकाळी त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. त्या प्रार्थनेत म्हातारीचेही नाव घ्यावे.

उपदेशक बंधूंच्या पत्नीने ह्याच पत्रात शेवटी आपला एक प्रश्न जोडला आहे: यात्रेहून आल्यावर शेजारीण तांब्याभर गंगोदक व प्रसाद घेऊन दारी येते, तिला काय सांगावे? दार लावू नये, तिला ओसरीवर बसवावे. प्रवास कसा झाला, पाय किती दुखले, कोण भेटले ते सर्व तिच्या तोंडून ऐकावे. मग तिने भांडे पुढे केले म्हणजे सांगावे की, "वहिनी, हे तुम्ही देवाचे म्हणून आणले, म्हणून आम्हांला घेता येत नाही, तुम्ही आमची आठवण ठेवली ती मात्र आम्ही घेतली." आणि चहा ठेवावा.