फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब

खेड्यातल्या वाचनालयात एखाद्या मुलाच्या हातून पुस्तक फाटले, तर त्याला नुकसान म्हणायचे का? प्रश्न किरकोळ वाटतो. पण वाचनालय मुलासाठी आहे की पुस्तकांसाठी, हे त्याच्या उत्तरावरच ठरते, असे मला वाटते.

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस तेलपाण्यापासून आणि अडाणी हातांपासून पोथी सांभाळण्याची विनवणी आढळते. ती रास्तच होती. पोथी हाताने नकलून काढायची, ती गेली तर कधी ग्रंथच नाहीसा व्हायचा. पुढे छापखाने आले, हजारो प्रती निघू लागल्या, तरी पोथीचे सोवळे पुस्तकाला चिकटून राहिले. आणि अडाणी हात कोणाचे, हे ठरवताना नुकतेच वाचू लागलेले मूल सगळ्यांत आधी सापडले.

मी पाहिलेल्या बऱ्याच गावशाळांत गोष्टींची पुस्तके कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. गुरुजींना दोष देणे सोपे आहे. पण नोंदवहीवर सही त्यांची असते. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. पाच वर्षे कोणी न उघडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. उलट त्याची नोंद ‘सुस्थितीत’ अशी होते. असा हिशेब असेल तिथे शहाणा माणूस कुलूपच लावणार.

बडोदा संस्थानात हा हिशेब वेगळा मांडला गेला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेबाहेर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे त्यांनी ओळखले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. पेट्यांत भरलेली पुस्तके खेड्यांतून फिरू लागली. पेटीतून गावोगाव फिरणारे पुस्तक झिजणारच. ती झीज गृहीत धरल्याशिवाय पेटी पाठवताच येत नाही. १९३१ साली रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिले पुस्तकाच्या वापराविषयीच आहे.

यावर एक आक्षेप खरा आहे. आज एकाने फाडलेले पुस्तक उद्या दुसऱ्याला मिळणार नाही, आणि ते दुसरे मूलही तितकेच गरीब असेल. म्हणून पुस्तक जपायला शिकवलेच पाहिजे. पण जपणे हे हाताळूनच शिकता येते. पाण्यात न उतरता कोणी पोहायला शिकत नाही. शिवाय कुलूपबंद पुस्तक पहिल्यालाही मिळत नाही आणि दुसऱ्यालाही. त्या दुसऱ्या मुलाची सोय नवी प्रत आणून करायची असते, आणि तो खर्च मोठ्यांचा आहे. तो वाचवण्यासाठी मुलावर अविश्वास दाखवणे मला अन्यायाचे वाटते. ज्या घरात छापील कागद फक्त रेशनकार्डाचा आणि वीजबिलाचा येतो, तिथल्या मुलाला पुस्तक घरी नेऊ देणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणे आहे. आपल्यावर कोणी भरवसा ठेवला, हाही शिक्षणाचाच भाग.

म्हणून देणगीदारांना माझे एक सांगणे आहे. उद्घाटनाच्या दिवशी कपाट भरून देण्यापेक्षा निम्मी रक्कम तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. फाटलेल्या प्रती तेव्हा बदलता येतील. आणि वाचनालयाच्या वार्षिक अहवालात ‘वाचून झिजलेली पुस्तके’ असा एक रकाना असू द्या. तो कोरा दिसला, तर मात्र खुशाल जाब विचारा.