मागितली असती तर दिलीच नसती

वणव्याने काळा पडलेला एक डोंगर या आठवड्यात तुम्हीही पाहिला असेल, तेव्हा त्यावर नव्याने हळहळत नाही. किती हेक्टर गेलं याचा पंचनामा होईल. माझं डोकं फिरलंय ते नंतर कानावर आलेल्या एका वाक्याने. कॅम्पला पोरं घेऊन जाणाऱ्या एकाला कुणीतरी विचारलं, शेकोटीची परवानगी काढली होतीत का? तर म्हणाला, "मागितली असती तर दिलीच नसती."

अरे, मग उत्तर तुला ठाऊकच होतं की!

याच गृहस्थांनी तंबूचं बुकिंग केलं, ऑफिसात रजा टाकली, चिकन की पनीर यावर ग्रुपवर मतदान घेतलं. गाडी लावायलासुद्धा घरमालकाला विचारलं, कारण घरमालक ओट्यावर बसलेला दिसत होता. म्हणजे विचारायची सवय आहे. फक्त जिथे 'नाही' ऐकावं लागेल, तिथे तोंड शिवलेलं. हाच न्याय पुढे चालवून बघा. परीक्षेत नापास झालो असतो, म्हणून लायसन्स काढलं नाही. गाडी मात्र चालवतो. शेजाऱ्याने आंबे दिले नसते, म्हणून रात्री कुंपणावरून उतरवले. चोरसुद्धा इतकं सोज्वळ कारण देत नाही, तो निदान पळतो. हे तिथेच थांबून ब्लूटूथ स्पीकर लावतात.

बाकीच्या सबबी नेहमीच्याच. 'सगळेच पेटवतात.' 'विझवूनच निघालो होतो.' ठीक. राख उलटीपालटी करून, पाणी ओतून, वर हाताची मागची बाजू धरून पाहिली होती का, एवढंच विचारतो. फेब्रुवारीतल्या वाळल्या गवतात अर्धी बाटली पाणी म्हणजे विझवणं नव्हे.

नियम काही काल आलेला नाही. भारतीय वन अधिनियम 1927 चा आहे. राखीव वनात वाटेल तेव्हा आग पेटवणं, जवळ बाळगणं किंवा जंगलाला धोका होईल अशी पेटती सोडून जाणं हा कलम 26 खाली गुन्हा. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारखं अभयारण्य असेल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 30 वेगळंच. पण कलम 26 चा शेवटचा भाग कुणी वाचत नाही. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकतं. कलम 79 प्रमाणे असे हक्क असलेल्यांनी वणवा विझवायला धावायचं, हेही बंधनकारक. म्हणजे मॅगी खायची शहरातल्या पोरांनी, टहाळे घेऊन पळायचं गावाने, आणि गुरं घरी बांधायची वेळ आली तर तीही गावावरच.

गावातही काही सगळे संत नाहीत. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं, या समजापायी किती डोंगर पेटतात ते कोकणातल्या काजूवाल्यांना विचारा. पण राब भाजणारा शेतकरी आधी कडेचा पाचोळा ओढतो, वारा बघतो आणि भाजून होईपर्यंत तिथून हलत नाही. शेकोटीवाला रील काढून झोपतो.

उपग्रह आहेत ना, असंही कुणी म्हणालं. आहेत. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर आगीचा संदेश येतो. पण ज्या चित्रावरून तो निघतो, त्यातला बारीकातला ठिपकाही 375 मीटरचा. तुमची वीतभर शेकोटी त्यात सहसा दिसत नाही. दिसते तेव्हा ती शेकोटी उरलेली नसते. तेव्हा आधी कळायचं असेल तर पेटवणाऱ्यानेच सांगायला हवं: मी अमुक, या जागी, इतका वेळ पेटवणार, विझवायची जबाबदारी माझी. परवानगी ती एवढीच. आणि नेमकं नाव सांगायचीच कुणाची तयारी नसते.

आता, ती परवानगी नेमकी कुठल्या टेबलावर मिळते, हे धड सांगणारा माणूस शोधायचा तर तोच एक ट्रेक होतो, हे कबूल. कचेरीला कुलूप, वनरक्षक एकटा, आणि त्याच्या वाट्याला अख्खा डोंगर. गावात विचारलं तर वनखात्याकडे बोट, तिकडे विचारलं तर साहेब मीटिंगला. चालायचंच. पण जागेवर कुणी नाही म्हणून पेटवायला मोकळीक मिळत नाही. त्या रात्री डबा थंडच खावा, आणि स्पीकर घरी ठेवला तर उत्तमच.

महाराष्ट्र वन विभागाचा हेल्पलाइन नंबर 1926 आहे. वणवा दिसल्यावर सगळे तो शोधतात. काडी ओढायच्या आधी लावला तरी चालतो.