पंजा आणि पाऊल: दिएगो फोर्लानची लोकप्रियता

उरुग्वेच्या फुटबॉलचा विषय निघाला की ‘गार्रा चारुआ’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. चारुआ हे त्या भूमीतील एका मूळ जमातीचे नाव आणि गार्रा म्हणजे पंजा; त्यावरून हार न मानता झुंजत राहण्याची वृत्ती असा अर्थ रूढ झाला, आणि १९५० च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर यजमान ब्राझीलला २-१ असे नमवल्यापासून तर जेमतेम ३५ लाख वस्तीच्या या देशाची ती ओळखच बनली. दिएगो फोर्लानची लोकप्रियता मात्र केवळ या मापाने मोजता येत नाही, कारण त्याच्या खेळात झुंजीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, कारागिरी होती.

१९७९ साली माँटेव्हिडिओत जन्मलेल्या फोर्लानला फुटबॉल वारशानेच मिळाला. वडील पाब्लो १९६६ आणि १९७४ च्या विश्वचषकांत खेळले होते, तर आजोबा हुआन कार्लोस कोरासो हे १९६२ च्या संघाचे प्रशिक्षक होते. असा वारसा लाभूनही २००२ च्या जानेवारीत मँचेस्टर युनायटेडकडे गेल्यावर पहिल्या गोलसाठी त्याला आठ महिने थांबावे लागले, आणि तो गोलही पेनल्टीवर आला. त्या कसोटीच्या काळातही प्रेक्षकांनी त्याच्यावर माया केली, यावरून लोकप्रियता ही गोलसंख्येच्या हिशेबात बसत नाही हे दिसते. पुढे स्पेनच्या लीगमध्ये व्हिलारेआलसाठी २५ आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदसाठी एका मोसमात ३२ गोल करून त्याने सर्वाधिक गोलांचा मान दोनदा मिळवला.

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात आठ तुकडे उष्णतेने सांधून बनवलेला ‘जाबुलानी’ हा चेंडू हवेत अकल्पित वळतो, अशी तक्रार गोलरक्षक करीत असताना फोर्लानने तोच चेंडू आपलासा केला. घानाविरुद्ध ५५ व्या मिनिटाला डावीकडून मारलेली त्याची फ्री-किक, म्हणजे नियमभंगाबद्दल मिळालेला थेट फटका, गोलरक्षकाला चकवून जाळ्यात गेली आणि उरुग्वेने बरोबरी साधली. जगाच्या स्मरणात मात्र त्या सामन्यातून उरला तो त्याचा संघसहकारी लुईस सुआरेसने गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू. हा फोर्लानवर अन्यायच आहे. पंजा लक्षात राहावा आणि पावलाचा विसर पडावा, हे खेळाच्या रसिकतेला शोभणारे नाही. पाच गोल करणाऱ्या फोर्लानला स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘सुवर्णचेंडू’ मिळाला, संघ चौथा आलेला असतानाही. तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध अखेरच्या क्षणी त्याची फ्री-किक आडव्या दांड्यावर न आदळता जाळ्यात गेली असती, तर बरोबरी साधून त्या स्थानाची आशा टिकली असती.

२०१६ मध्ये तो मुंबई सिटी संघाकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, तेव्हा वय ३७ झाले होते आणि पायांतला वेग ओसरला होता. तरीही अंधेरीच्या मैदानावर केरळविरुद्ध त्याने तीन गोल केले, आणि त्याची ती कारागिरी मुंबईकरांना प्रत्यक्ष पाहता आली.