फलत्याग आणि परिणामाची जबाबदारी

कर्म करावे, पण त्याच्या फलाची आसक्ती धरू नये, हा भगवंतांचा उपदेश आपल्या घरोघरी इतका परिचित झाला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची आवश्यकताच सहसा कोणास भासत नाही. परंतु जे वचन अतिपरिचित होते तेच मनुष्य आपल्या सोयीप्रमाणे वळवू लागतो. आळशी मनुष्य त्यातून आळसाचे समर्थन काढतो, हे तर सर्वांस ठाऊक आहे. उद्योगी मनुष्यही त्यातून आपल्या सोयीचे काही काढतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आणि हल्लीच्या काळी हा दुसरा प्रकार अधिक विचारणीय झाला आहे.

एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. रायपूरच्या दक्षिणेस धमतरीच्या वाटेवर अभनपूर नावाचे गाव आहे. पूर्वी तेथून अरुंद रुळांची छोटी गाडी एकीकडे धमतरीस व दुसरीकडे राजिमास जात असे. ते रूळ आता गेले असून ३० मार्च २०२५ पासून मोठ्या रुळांवरील गाडी रायपूर ते अभनपूर धावू लागली आहे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी निर्माण झाल्यानंतर नवी राजधानी वसू लागली ती या गावाच्या शेजारीच. भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. आपला गृहस्थ अशाच एका कुटुंबातील आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर. घरी वृद्ध आईवडील, पत्नी आणि शाळेत जाणारी एक मुलगी. वडिलांनी आयुष्यभर भाताची शेती केली. मुलगा संगणकाच्या आज्ञावली लिहितो, म्हणजे ज्यास लोक सॉफ्टवेअरचे काम म्हणतात ते करतो. कचेरी दूरच्या शहरात, मालक त्याहून दूर, आणि काम घरातल्या एका खोलीत.

हा मनुष्य दुर्जन नाही. तो व्यसनी नाही, आळशी नाही, वेतनापुरते काम करून अंग चोरणाराही नाही. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा येथे सायंकाळ उलटून गेलेली असते. म्हणून देवापुढे दिवा लागण्याच्या वेळी त्याच्या कामाची खरी गर्दी सुरू होते. ताट वाढलेले असते आणि मोबाईल वाजतो. मुलगी काही दाखवावयास येते, ती दारातूनच परत जाते. पत्नीने काही म्हटले तर त्याचे उत्तर तयार असते : "हे सगळे तुमच्यासाठीच तर चालले आहे." आणि मनाशी तो म्हणतो की, आपण कर्मयोगी आहोत, बढतीची इच्छा नाही, स्तुतीची इच्छा नाही, समोर आलेले काम करीत आहोत.

वडील मात्र रोज रात्री एकच प्रश्न विचारतात, "आज काय केलंस रे?" शेतकऱ्याचा हा स्वाभाविक प्रश्न आहे. रोप लावले की ते दिसते, निंदणी केली की बांधावरून दिसते. मुलाला याचे उत्तर देता येत नाही. एका बटणाची जागा पालटली, एका पानावरचा मजकूर तिसऱ्या पानावर नेला, हे काय सांगावे? म्हणून तो म्हणतो, "नेहमीचंच, बाबा."

एके दिवशी वडिलांनी बँकेचे पुस्तक पुढे केले. कधीतरी कसलेसे विनामूल्य म्हणून काही घेतले होते. महिना उलटल्यापासून त्याचे पैसे खात्यातून परस्पर जात होते. बंद करावयाचा प्रयत्न त्यांनी चार वेळा केला, पण बंद करण्याची जागाच सापडली नाही. मुलाने फोन हाती घेतला आणि तीन मिनिटांत ते बंद केले. वडील कौतुकाने आईस म्हणाले, "पाहिलंस? मला सात जन्मांत जमलं नसतं." ते कौतुक त्याच्या जिव्हारी लागले. कारण ती जागा कोठे दडवलेली असणार हे त्याला शोधावे लागले नव्हते. गेल्याच महिन्यात दुसऱ्या एका धंद्यासाठी, वरून आलेल्या आज्ञेप्रमाणे, त्याने स्वतःच तशी जागा तशीच दडवली होती.

आता त्याचे उत्तरदायित्व किती? त्याचे मन लगेच सांगू लागते : योजना माझी नाही, लाभ माझा नाही, मी केवळ निमित्तमात्र. शब्द गीतेचाच आहे. पण तो शब्द कोणास आणि केव्हा सांगितला गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे. अर्जुनाने आपले कर्म धर्म्य की अधर्म्य, हा प्रश्न उघडपणे विचारला, रथ थांबवून विचारला, आणि दहा अध्यायांचा विचार झाल्यानंतर अकराव्यात हा शब्द येतो. ज्याने तो प्रश्न एकदाही विचारलेला नाही त्याला निमित्तमात्र म्हणवून घेण्याचा अधिकार पोहोचत नाही.

याविषयी अठराव्या अध्यायातील कर्माचे त्रिविध विवेचन बारकाईने पाहण्यासारखे आहे. सात्त्विक कर्म फलाची इच्छा न धरता केलेले असते, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. परंतु लगेच पुढे तामस कर्माचे लक्षण येते, आणि तेथे चार गोष्टी न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्मास तामस म्हटले आहे : अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. यातील अनुबंध म्हणजे कर्माच्या मागून जे बांधलेले येते ते, त्याचा पुढील परिणाम. म्हणजे ज्या अध्यायात फलाची इच्छा सोडावयास सांगितले, त्याच अध्यायात परिणाम न पाहणे हे तमोगुणाचे लक्षण ठरविले आहे. यात विरोध नाही. फल म्हणजे त्या कर्मातून मला काय मिळेल ते. अनुबंध म्हणजे त्या कर्मामुळे इतरांचे काय होईल ते. पहिल्यावरून दृष्टी काढावयाची आहे ती दुसऱ्यावर ती निर्मळपणे ठरावी म्हणून. आपल्या गृहस्थाने नेमके उलट केले. वेतनाच्या तारखेवर त्याचे लक्ष होते, आणि परिणामापुरता तो अनासक्त होता.

क्षय या शब्दाचा अर्थ श्रीशंकराचार्य शक्तीचा किंवा धनाचा नाश असा करतात. यंत्राच्या कामात मालकाचा क्षय कोणी होऊ देत नाही, त्याचा हिशेब कोष्टकात ठेवलेला असतो. पण दारातून परत गेलेली मुलगी कोणत्या कोष्टकात मांडावी? पौरुष म्हणजे हे काम पार पाडण्याचे सामर्थ्य माझ्यात आहे की नाही याचा विचार. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागरण यांत प्रमाण राखण्यास सांगितले आहे; तेव्हा मध्यरात्री दोन वाजता डोळे मिटत असताना लिहिलेल्या आज्ञावलीस योग म्हणणे कठीण आहे. हिंसेविषयी मात्र कोणी म्हणेल, की बटण दडवण्यात हिंसा कसली? वृद्धाच्या संमतीवाचून त्याच्या निवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून महिन्यामागून महिने काढून घेणे यास लुबाडणे म्हणतात, आणि लुबाडणे हातात शस्त्र नसतानाही होते. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार मार्गदर्शक तत्त्वांत नमूद करून त्यांस मनाई केली. वर्गणीचा सापळा, खोटी घाई, खरेदीच्या टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप घालणे, हे त्यांतलेच. तेव्हा आज हा प्रश्न केवळ सूक्ष्म धर्मविचाराचा राहिलेला नाही.

मग त्याने नोकरी सोडावी काय? असे म्हणणे सोपे आहे, विशेषतः ज्याला दुसऱ्याचे घर चालवायचे नाही त्याला. क्लेशाच्या भयाने कर्म टाकणे यास भगवंतांनी राजस त्याग म्हटले आहे, आणि वैतागून दिलेला राजीनामा बहुधा त्याच जातीचा असतो. येथे वनपर्वातील धर्मव्याधाचे स्मरण होते. मिथिलेच्या बाजारात तो मांस विकीत बसे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकावयास गेला. व्याधाने आपल्या व्यवसायाला गोंडस नाव दिले नाही. हे कर्म घोर आहे असेच तो म्हणाला. स्वतः आपण प्राणी मारीत नाही, मांस खात नाही, एवढी मर्यादा त्याने सांगितली, आणि ती सांगताना स्वतःला निर्दोष ठरविले नाही. नंतर त्याने कौशिकास घरात नेऊन आपले वृद्ध मातापिता दाखविले व हेच माझे दैवत म्हणून सांगितले. कौशिक मात्र आईबापांची अनुज्ञा न घेता वेदाध्ययनासाठी घर सोडून निघालेला होता! अध्ययनासारखे पवित्र कर्मही घराचा क्षय न पाहता केले तर त्यात उणेपणा राहतो, तेथे रात्रीच्या बैठकांची कथा काय.

तथापि कुटुंब म्हणेल तेच नेहमी धर्म्य, असेही नाही. याच रायपूरशी निगडित असलेले पंडित माधवराव सप्रे यांचे चरित्र पाहावे. मातृभाषा मराठी असून त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक काढले. १९०८ साली 'हिंदी केसरी'तील लेखांमुळे त्यांना अटक झाली, आणि कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून क्षमापत्र लिहून दिल्यावर ते सुटले. घर आनंदले असेल. सप्रे मात्र कित्येक वर्षे त्या शल्याने पोळत राहिले. विरक्तवृत्तीने राहून त्यांनी दासबोधाचा आणि पुढे लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला. घरच्यांच्या प्रेमासाठी घेतलेला निर्णयही अंतःकरणात सलत राहू शकतो, हे त्यांनी भोगून जाणले होते. म्हणून आपल्या गृहस्थाने "हे तुमच्यासाठीच" म्हणताना जरा थांबावे. घरच्यांनी ते मागितले होते काय, हे त्याने एकदा तरी विचारले आहे काय?

श्रावण महिन्याच्या आरंभी, आषाढ सरताना येणाऱ्या अमावास्येस छत्तीसगडात हरेली साजरी होते. नांगर, कुदळ, विळा धुऊन अंगणात मांडतात, पूजा करतात, गुळाचा चिला नैवेद्यास दाखवतात. त्या वर्षी वडिलांनी सहज विचारले, "तुझं यंत्र आणतोस का बाहेर? तेही अवजारच." मुलाने ते आणले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांना पत्र लिहिले : ही रचना ग्राहकास फसविणारी आहे, नियमाविरुद्धही आहे, बंद करण्याची जागा पहिल्याच पानावर असावी, नवा नमुना करून सोबत जोडला आहे. रात्री नऊनंतर, संकटाचे काम सोडून, आपण उपलब्ध नसू, हेही त्याच पत्रात लिहिले. पत्र पाठवताना त्याचा हात अडखळला. मुलीचे शाळेचे शुल्क पुढच्या महिन्यात भरावयाचे होते.

रात्री जेवताना वडिलांनी नेहमीप्रमाणे विचारले, "आज काय केलंस रे?" त्याने सांगितले; बँकेच्या पुस्तकापासून सगळे सांगितले, स्वतः काय केले होते तेही. आईचा वाढता हात थांबला. वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेबांचं उत्तर आलं का?"

"नाही, बाबा. अजून नाही."

"बरं. जेव आधी," ते म्हणाले, आणि नातीस म्हणाले, "तुझं ते चित्र आण गं, दाखव त्याला."